जुना मार्क-टू आणि नवा मार्क-सेव्हन: दहा महिने एकाच टेबलावर

नवा टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं मशीन, खोक्यातून काढल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे बाजारात मडकं घेताना करतात ती. बोटाच्या पेराने वाजवून पाहिला. मग शेजारचा जुना वाजवला. जुन्यावर बोट आपटलं की 'थप्' एवढंच, भिंतीवर मारल्यासारखं. नव्याचा आवाज त्यामानाने मोकळा. मेहुणा समोरच उभा होता. सिंगापूरहून विमानातून त्यानेच तो आणला होता. म्हणाला, "दाजी, एवढं ओझं उरावर घेऊन आलोय, आता पोकळ आहे म्हणू नका."

पोकळ नाही म्हटलं. पण वजनाचा विषय निघालाच. जुना, जपानी टेक्निक्स कंपनीचा एसएल-१२०० मार्क-टू १२.५ किलोचा, नवा मार्क-सेव्हन ९.६ किलोचा. जवळजवळ तीन किलो गेले कुठे, हे शोधण्यातच माझे पहिले दोन रविवार गेले.

माझी नोकरी भोसरीत टूलरूमला, सव्वीस वर्षं. ॲल्युमिनियमचं डायकास्टिंग (वितळलेला धातू साच्यात दाबून केलेलं ओतकाम) रोज हातात असतं, त्यामुळे गाण्याच्या आधी माझं लक्ष पार्टिंग लाइनकडे, साच्याचे दोन भाग जुळतात त्या रेघेकडे, जातं. ही सवय चांगली की वाईट, हे घरातल्यांना विचारा.

तर ते तीन किलो. मार्क-टूची वरची बॉडी ॲल्युमिनियमचं डायकास्टिंग आहे आणि तिच्या खाली जाड, जड रबराचा अख्खा तळ आहे. उलटा करून स्क्रू काढले (पुष्कळ आहेत, वाटीत जमा करा) की तो तळ सुटा होऊन हातात येतो आणि मग वजनाचं गुपित कळतं. नव्यातही वरची बॉडी डायकास्टच, पण तळाला काचतंतू घातलेलं एबीएस प्लास्टिक आहे. रेकॉर्ड ज्यावर ठेवतात ते फिरतं तबकही थोडं हलकं झालंय. मॅटसकट जुनं दोन किलोचं, नवं १.८ किलोचं. म्हणजे मुख्य घट तळात आहे. जिथे आपला हात फिरतो, डोळा जातो, तिथे धातू तसाच ठेवलाय. हिशेबी माणसाने केलेलं काम आहे, आणि त्याच्या जागी मी असतो तर बहुधा तेच केलं असतं.

मग आवाजात फरक पडतो का? माझ्याकडे दोन्ही कडप्प्याच्या एकाच लादीवर आहेत, लादीखाली सागवानी टेबल. सुई थांबलेल्या रेकॉर्डवर ठेवून आवाज वाढवला आणि टेबलाच्या कडेला टिचकी मारली, तर नव्यात ती स्पीकरमधून जराशी जास्त ऐकू येते. गाणं चालू असताना मात्र मला, बायकोला किंवा कान तिखट असलेल्या माझ्या मुलीला फरक सांगता आला नाही. ज्यांच्या घरी लाकडी माळ्याची जमीन आहे, कोणी चाललं तरी कपाटातल्या काचा वाजतात, त्यांना कदाचित येईल.

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय तुलना अर्धवट राहते. पट्टा नाही, मोटरच्या आसावरच तबक, असा 'डायरेक्ट-ड्राइव्ह' टर्नटेबल टेक्निक्सने १९७० मध्ये एसपी-१० च्या रूपात बाजारात आणला. पहिला एसएल-१२०० आला १९७२ मध्ये, मुळात घरात गाणी ऐकणाऱ्यांसाठीच, पण डीजे लोकांनी तो उचलला. १९७९ चा मार्क-टू त्यांच्या गरजा बघून बनवला आणि तो तीस वर्षं क्लबांमध्ये मार खात राहिला. २०१० मध्ये उत्पादन थांबलं, २०१६ मध्ये महागड्या रूपात परत सुरू झालं आणि २०१९ मध्ये हा मार्क-सेव्हन आला. मध्ये जी आणि जीआर अशी मॉडेल आहेत. जी तर १८ किलोचं आहे, तबकावर पितळेचा थर. ते माझ्या ऐपतीबाहेरचं. तेव्हा "जुना जपानी तो जपानी, नवे सगळे प्लास्टिक" म्हणणाऱ्यांनी आधी कुठला नवा ते सांगावं.

आता टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा. बिल्ड क्वालिटी म्हणजे काय ते इथे कळतं. दोन्हींची रचना जवळपास तीच: एसच्या आकाराची नळी, २३० मिलिमीटर प्रभावी लांबी, १५ मिलिमीटर ओव्हरहँग (सुई तबकाच्या केंद्रापलीकडे जाते ते अंतर), उंची ० ते ६ मिलिमीटर बदलणारी फिरती रिंग. एकाचं हेडशेल (सुईचं कार्ट्रिज बसवतात तो पुढचा सुटा तुकडा) काढून दुसऱ्याला लावता येतं, मी दर आठवड्याला लावतो. चाळीस वर्षांनी तोच सांगाडा ठेवला म्हणजे मुळात तो बरोबर होता.

माझा मार्क-टू मुंबईतल्या एका डीजेकडून घेतलेला. हेडशेल दोन बोटांत धरून अगदी हलक्या हाताने आडवं हलवलं तर 'टिक' असा बारीकसा प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवायचा, केसाएवढा. बेअरिंगच्या लॉकनटवर पान्याचे ओरखडे होते. म्हणजे आधी कोणीतरी आवळून, मग घाबरून सैल करून सोडून दिलेलं. ते जुळवायला मला तीन संध्याकाळी लागल्या. थोडं जास्त आवळलं की आर्म अडखळतो, थोडं सैल सोडलं की प्ले. आपल्या कामात बेअरिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला नेमका ताण) म्हणतात तोच प्रकार, फक्त इथे हाताला काही कळतच नाही इतकं बारीक. नव्याला प्ले नाही, पण त्याचं कौतुक करण्यात अर्थ नाही. दहा महिन्यांच्या बाळाची गुडघेदुखीवाल्याशी तुलना कशी करणार? प्रश्न हा आहे की चाळीस वर्षांनी, शेकडो रात्री स्क्रॅचिंग (डीजे हाताने रेकॉर्ड मागे-पुढे घासतात ते) झाल्यावरही जुन्याचा आर्म जुळवून परत सरळ करता आला. नव्याचं उत्तर २०६० च्या सुमारास मिळेल, तेव्हा मुलीला विचारा.

मोटरच्या बाबतीत मात्र नवा पुढे आहे, आणि हे कबूल करताना माझ्यातल्या जुन्याच्या प्रेमिकाला जरा जड गेलं. डायरेक्ट-ड्राइव्हवरचा जुना आक्षेप असा, की मिनिटाला फक्त ३३⅓ फेरे घेणाऱ्या मोटरमध्ये लोखंडी गाभा असला की लोहचुंबकाच्या ओढीने ती बारीक-बारीक धक्के घेत फिरते. नव्यात गाभाच काढून टाकलाय. सुरुवातीचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १.५ वरून १.८ किलो-सेंटिमीटर झाला. पण दोन्हींच्या माहितीपत्रकातला वाव-फ्लटर, म्हणजे वेगातला चढ-उतार, बघा: ०.०२५ टक्के आणि ०.०२५ टक्के. ०.७ सेकंदात वेग पकडतात तेही दोघं.

कागद बाजूला ठेवून मी तानपुऱ्यावर तपासलं. भीमसेनजींच्या एका एलपीची सुरुवात, आवाज लागण्याआधीचा निव्वळ तानपुरा. वेग किंचित जरी हलला तरी षड्ज डुलतो आणि ते कानाला लगेच कळतं. पहिल्या रेकॉर्डला दोन्हींवर डुलला! मग लक्षात आलं, दोष रेकॉर्डच्या भोकात. भोक केंद्रापासून अर्धा मिलिमीटर जरी सरकलेलं असलं तरी १०० मिलिमीटर त्रिज्येवरच्या खाचेत वेग अर्धा टक्का वर-खाली होतो. म्हणजे मशीनच्या ०.०२५ च्या वीसपट. दुसरी, नीट भोकाची प्रत लावली तर दोन्हींवर सूर दिव्याच्या ज्योतीसारखा स्थिर. तेव्हापासून मोटरवर वाद घालणं मी बंद केलंय. आधी आपल्या रेकॉर्डचं भोक बघावं.

छोट्या गोष्टी भराभर सांगतो. जुन्याचा पिच स्लायडर (वेग कमी-जास्त करायची सरकपट्टी) शून्यावर 'कट्' करून बसतो आणि हिरवा दिवा लागतो. नव्यात तो खटका नाही, रिसेटचं बटण आहे. मला खटका आवडतो, डीजे मंडळींना त्याचाच राग होता. स्टार्ट-स्टॉपचं बटण दोन्हींचं छान, पण जुन्याचं दाबताना जो ठामपणा आहे तो रेल्वेच्या जुन्या सिग्नल केबिनमधल्या खटक्यासारखा. जुन्याची आरसीए वायर (ॲम्प्लिफायरकडे आवाज नेणारी) आत कायमची डकवलेली, एक चॅनल गेला की मशीन उलटं करून रबराचा तळ काढा, सोल्डर करा. नव्यात मागे सॉकेट आहेत, वायर बदला नि मोकळे व्हा. यात कसली आलीय जुन्याची शान!

दुरुस्तीबद्दल एक समज आहे की जुनं कधीही दुरुस्त होतं. होतं, यांत्रिक भागांपुरतं. सर्किटमधले कपॅसिटर मी स्वतः बदलले, पाय भोकातून घातलेले मोठे सुटे भाग, डोळ्यांना चष्मा असला तरी जमतं. पण मोटर चालवणारे एएन मालिकेतले आयसी आता नव्याने बनत नाहीत. ते गेले की दुसऱ्या मेलेल्या मशीनमधून काढायचे. नव्याच्या बोर्डावरचे भाग मुंगीएवढे, तिथे माझी सोल्डरिंग गन काढायचीच नाही. दोघांची मर्यादा वेगळ्या जागी आहे, एवढंच.

नव्याची एक बाजू मी घेताना धरलीच नव्हती: मिनिटाला ७८ फेऱ्यांचा वेग. मार्क-टूमध्ये तो नाही. आजोबांच्या लाखेच्या तबकड्या, नाट्यपदांच्या नि भावगीतांच्या, वीस वर्षं माळ्यावर पडून होत्या. सुई मात्र वेगळी घ्या. एलपीची सुई साधारण १८ मायक्रॉनची, ७८ ची खाच मागते ७५ च्या आसपास. एलपीचीच सुई लावली तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त. सासूबाई आल्या होत्या तेव्हा एक लावली. पदाचं ध्रुवपद यायच्या आधीच त्यांनी ते म्हणायला सुरुवात केली, रेकॉर्डपेक्षा अर्धी मात्रा पुढे. मेहुणा तेव्हा नेमका घरी नव्हता, नाहीतर ओझ्याचा हिशेब तिथेच मिटला असता.

सध्या रोज वाजतो तो नवा. रात्री जेवणं झाल्यावर, घरात कोणी बोलत नसताना, मी जुन्याला हात लावतो. विकणार नाही.

जुना घ्यायला जात असाल तर स्वतःचं हेडशेल घेऊन जा, आर्म हलवून प्ले बघा, चारही कोपऱ्यांतले पाय फिरवून बघा, दोन्ही चॅनल ऐका. आणि हे सगळं करायच्या आधी मागची पट्टी वाचा. जपानी बाजारातले नग १०० व्होल्टचे असतात. ओसाकात वीज ६० हर्ट्झची, टोकियोत ५० ची, त्याचा मोटरचा वेग धरून ठेवणाऱ्या क्वार्ट्झला काही फरक पडत नाही, पण आपले २३० व्होल्ट थेट दिले तर पडतो. माझ्या नगाच्या आधीच्या मालकाने एकदा दिले होते, आतली जळकी खूण अजून आहे. ट्रान्सफॉर्मर मी बदलला आणि व्होल्ट कमी करणारा वेगळा स्टेप-डाऊन लावला. तो सुरुवातीला टेबलावरच ठेवला होता, स्पीकरमध्ये गुणगुण यायची. आता तो दिवाणाखाली आहे, कार्ट्रिजपासून दोन हात लांब.