निंबोळी पेंड : गाठी झाल्यावर नाही, रोप लावायच्या आधी घाला (४ स्टार)

मुलुंडला आमच्या गॅलरीत सात कुंड्या टोमॅटो आहेत, जानेवारीत पाणी व्यवस्थित असूनही दुपारी झाडं माना टाकायला लागली, एक उपटलं तर मुळं आल्याच्या कुड्यांसारखी, नुसत्या गाठीच गाठी. चवळीच्या मुळावरच्या चांगल्या गाठी बोटाने सहज सुटतात, ह्या मुळातच फुगलेल्या. एक सुईने फोडली तर आत मोत्यासारखा पांढरा ठिपका, तीच सूत्रकृमीची (मातीतून मुळांत शिरणारा सूक्ष्म जंत) मादी! माती एका नर्सरीतून तयार मिक्स आणलेली, त्यातूनच आलं असणार, फार वाईट वाटलं.

मग ही पेंड घेतली, १ किलोचं पाकीट. पेंड ताजी आहे, चुरली की हाताला तेलकट लागते आणि कडू उग्र वास येतो, तो चार दिवस घरात राहतो हे आधीच सांगते. पण पाकिटावर 'मुळांच्या गाठी घालवते' असं छापलंय ते चूक आहे, आजारी झाडांना मूठ मूठ घातली, एकही वाचलं नाही.

कारण सूत्रकृमीची अळी एकदा मुळाच्या आत गेली की गेलीच. ती अर्ध्या मिलीमीटरहून लहान, तोंडात पोकळ सुई, पण नुसत्या टोचण्यावर भागत नाही, सुईतून ती एन्झाइम सोडते, सेल्युलेज पेशीची भिंत तोडतं आणि पेक्टेट लायेज पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन विरघळवतं, मग पेशींच्या मधून सरकत आत जाऊन कायमची बसते आणि तिथल्या पेशी फुगवून त्यांच्यावर जगते. सेल्युलेज बनवणारी ही जनुकं १९९८ साली बटाटा-सोयाबीनच्या सूत्रकृमींत सापडली, मुळात ती बॅक्टेरियाकडून आली असावीत असं शास्त्रज्ञ मानतात, मला हे वाचून काटाच आला. तर पेंडेचा जोर चालतो तो मातीत, मुळाच्या आत बसलेलीवर नाही.

दुसऱ्या वेळी जुनी माती टाकून दिली, कुंड्या उकळत्या पाण्याने धुतल्या, नव्या मातीत बारा इंची कुंडीला दोन मुठी पेंड घालून पंधरा दिवस ओलसर ठेवली (वर पांढरी बुरशी येते, घाबरू नका) आणि मगच रोपं लावली, शेजारी झेंडू. टोमॅटो संपल्यावर सगळी मुळं धुऊन बघितली, सात कुंड्यांत मिळून तीन बारीक गाठी. आता श्रेय नव्या मातीचं किती नि पेंडेचं किती ते वेगळं काढता येणार नाही, पण मी परत हीच घेणार. एक स्टार पाकिटावरच्या त्या ओळीसाठी कापला.