अकरावीला राज्यशास्त्र की अर्थशास्त्र? बालभारतीची पुस्तकेच सांगतात

राज्य मंडळाच्या दोन्ही विषयांना ८० गुण लेखी, २० अंतर्गत. फरक पुस्तकांत आहे. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात गाइड घेण्याआधी बारावीची दोन्ही पुस्तके ई-बालभारतीवरून फुकट उतरवून चाळा.

अर्थशास्त्राचे पुस्तक आमच्या मते सरस, पण ते पाठांतराला दाद देत नाही. आधी ‘निर्देशांक’ हा धडा उघडा; किमती किती बदलल्या, हे त्यात मोजतात. लासपेअरच्या सूत्रात आधार वर्षाचे, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची त्या वर्षाचे, नग घ्यायचे, पाशेच्या सूत्रात चालू वर्षाचे. हीच अदलाबदल होते आणि उदाहरणाचे गुण जातात. मग मागणीचा वक्र, म्हणजे किंमत आणि मागणी यांचा आलेख, काढून बघा: आडव्या अक्षावर नगसंख्या, उभ्यावर किंमत. किंमत बदलली तर त्याच वक्रावर सरकायचे. उत्पन्न बदलले तर वक्रच सरकतो. हा फरक स्वतःच्या शब्दांत सांगता आला, तर विषय बिनधास्त घ्या.

राज्यशास्त्राचे पुस्तक १९९१ नंतरच्या जगापासून सुरू होते. वाचायला सोपे, लिहायला कठीण! मुद्दे, कारणे आणि उदाहरण नसलेले लांबलचक उत्तर गुण देत नाही. रोज अग्रलेख वाचणाऱ्याने हेच घ्यावे. कला शाखेत दोन्ही मिळत असतील तर दोन्ही घ्या. अर्थशास्त्रातले सार्वजनिक वित्त, म्हणजे सरकारचा जमाखर्च, वाचताना राज्यशास्त्रातला सुशासनाचा धडा जास्त कळतो. पुढे अर्थशास्त्रात पदवी करायची असेल, तर गणित मात्र सोडू नका.