जुन्या राजनैतिक व्यवहारावर पीएच.डी.: इतिहास विभाग की आंतरराष्ट्रीय संबंध?

शीतयुद्ध, शस्त्रकपात, तह, सीमाप्रश्न अशा विषयावर पीएच.डी. करायचं ठरलं की दोन्ही विभाग तुम्हाला घ्यायला तयार असतात. विषय तोच, काळ तोच, वाचायची निम्मी पुस्तकंही तीच. तरी नोंदणी कुठे केली यावर पुढची चार-पाच वर्षं कशी जातील हे बरंचसं ठरतं. मी पहिलं वर्ष आंतरराष्ट्रीय संबंधांत काढलं आणि मग इतिहासात गेलो. म्हणजे मी अगदी तटस्थ नाही. पण त्या पहिल्या वर्षाने जे दिलं ते आजही उपयोगी पडतं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आंतरराष्ट्रीय संबंध या शाखेचं पहिलं अध्यासन १९१९ साली वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथला निघालं. पहिल्या महायुद्धासारखा संहार पुन्हा होऊ नये ही त्यामागची तळमळ होती आणि ती शाखेच्या स्वभावात अजून जाणवते. इथे प्रश्न मोठा विचारायला शिकवतात: हे एकदाच घडलं, की अशी परिस्थिती आली की घडतंच? त्यासाठी व्याख्या आधी पक्क्या कराव्या लागतात. मिशिगन विद्यापीठात १९६३ मध्ये सुरू झालेल्या ‘कोरिलेट्स ऑफ वॉर’ प्रकल्पात लढाईतल्या किमान १,००० मृत्यूंशिवाय एखाद्या संघर्षाची ‘युद्ध’ म्हणून नोंद होत नाही. ही रेघ पटो न पटो, ती कुठे ओढली आहे हे वाचणाऱ्याला कळतं. इतिहासवाल्यांच्या लेखनात अशी स्पष्टता मला क्वचित दिसली. शिवाय धोरणविषयक संस्थांमध्ये काम करायचं असेल, तर माझ्या पाहण्यात तरी ही पदवी लवकर ओळखली जाते.

माझं गाडं अडलं ते संशोधन आराखड्यापाशी. एकही मूळ कागद पाहायच्या आधी गृहीतक मांडायचं, कारण कोणतं आणि परिणाम कोणता ते चौकटीत बसवायचं आणि वास्तववाद, उदारमतवाद, रचनावाद या शाखेतल्या सिद्धांतांपैकी कुठला चष्मा लावणार ते सांगायचं. मी लिहिलं की अमुक सरकारने वाटाघाटीतला प्रस्ताव मागे घेतला तो मित्रराष्ट्राच्या दबावामुळे. आराखडा मंजूर झाला.

मग लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात गेलो. तिथे टेबलावर पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. तिसऱ्या दिवशी एका फाइलमध्ये तारेचा मसुदा मिळाला. टंकलेल्या एका वाक्यावर शाईची काट होती, समासात दोन आद्याक्षरं होती आणि खाली वेगळ्याच हस्ताक्षरात तेच वाक्य पुन्हा लिहिलेलं होतं. मी ज्याला ‘सरकारची भूमिका’ म्हणत होतो ती त्या पानावर अजून ठरलेलीच नव्हती. दबाव बाहेरून होता की खात्यातल्या खात्यात, हेही सांगता येईना.

परत येऊन ते पान माझ्या विभागाच्या समितीला दाखवलं. विचारलं गेलं, “हे कशाचं उदाहरण धरायचं?” तेच पान पुढे ज्यांनी मला विद्यार्थी म्हणून घेतलं त्या इतिहासाच्या प्राध्यापकांना दाखवलं. त्यांनी विचारलं, “ही आद्याक्षरं कुणाची?” पहिला प्रश्न चुकीचा नव्हता. पण मला रात्री जागवणारा प्रश्न दुसरा होता. पहिल्या विभागात दर सादरीकरणाला मला त्या पानापासून दूर नेलं जायचं आणि हा त्रास एका प्रकरणापुरता नाही, प्रबंध संपेपर्यंतचा असतो, हे तेव्हा लक्षात आलं.

कागद बाहेर येण्याआधी काढलेले धडे किती फसवे असतात, यासाठी क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात उद्भवलेल्या पेचप्रसंगाचंच घ्या. ऑक्टोबर १९६२ नंतर खंबीरपणाने शत्रू माघार घेतो असा धडा कित्येकांनी त्यातून काढला. प्रत्यक्षात २७ ऑक्टोबरला अमेरिकी राष्ट्राध्यक्ष केनेडींचे भाऊ रॉबर्ट केनेडींनी सोव्हिएत राजदूत डोब्रिनिन यांना तुर्कस्तानातली अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढून घेण्याची गुप्त हमी दिली होती. केनेडींच्या वर्तुळातून त्याची उघड कबुली आली ती १९८९ मध्ये. मधल्या काळात त्या धड्यावर बरीच इमारत उभी राहिली होती.

इतिहासाची किंमतही मोजावी लागते. भाषा शिकावी लागते, नुसती वाचण्यापुरती नव्हे, तर वाईट हस्ताक्षरातली. महिनोन्महिने एकट्याने बसायचं असतं. हवा तो कागद काढून घेतलेला असतो आणि त्या जागी चिठ्ठी असते. ब्रिटनमध्ये सरकारी कागद खुले करण्याची ३० वर्षांची मर्यादा टप्प्याटप्प्याने २० वर आणली असली, तरी विषय गेल्या वीसेक वर्षांतला असेल तर इतिहास विभागाचा आग्रह मी धरणार नाही. अनेक देशांची तुलना करायची असेल तरीही नाही.

बाकीच्यांनी अर्ज भरण्याआधी दोन गोष्टी कराव्यात असं वाटतं. दोन्ही विभागांतले नुकते मंजूर झालेले दोन-दोन प्रबंध काढा आणि फक्त तळटीपा वाचा. मग अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या १८६१ पासून निघणाऱ्या दस्तऐवज-मालेचा तुमच्या विषयाचा खंड उघडा. तो इंटरनेटवर फुकट आहे. शंभर पानं सलग वाचा. साठाव्या पानावर कुणी कुणाला काय म्हटलं हे शोधायला तुम्ही मागे जात असाल, तर माझ्या मते इतिहासाच्या प्राध्यापकांना आधी पत्र लिहा.