व्हायरस काढतो म्हणाले आणि १९,२९८ रुपये काढले

आधी आकडा सांगून टाकते, नाहीतर शेवटी सगळे तेच विचारतात. २,४९९ अधिक ११,८०० अधिक ४,९९९. एकूण १९,२९८ रुपये. आणि ज्या भिकार सॉफ्टवेअरसाठी एवढं रामायण घडलं, ते एवढं होऊनही कॉम्प्युटरवर ठाण मांडून होतं.

पीडीएफ जोडायचं एक फुकट सॉफ्टवेअर घेतलं, त्याच्या शेपटीला धरून एक टूलबार आत आला. ब्राउझर उघडला की भलतंच सर्च पेज, कोपऱ्यात "तुमचा कॉम्प्युटर धोक्यात" असे लाल चौकोन. अनइन्स्टॉल करा, रीस्टार्ट करा, साहेब पुन्हा हजर. (का, ते आता कळलंय. टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे विंडोजच्या ठरलेल्या वेळी आपोआप करायच्या कामांच्या यादीत, एक नोंद लपलेली असते, ती दर लॉगिनला त्याला नव्याने बसवते. आणि लाल चौकोन हा व्हायरस नसतोच, कुठल्यातरी साइटला नोटिफिकेशनसाठी 'अलाउ' दिलं गेलेलं असतं. सेटिंगमधून ते काढलं की काम संपलं. फुकटात.)

मग कोणीही करेल तेच मी केलं. सर्च केलं, सगळ्यात वर आलेलं 'क्लीनर' घेतलं. वर आलेलं म्हणजे पैसे भरून वर आलेलं, जाहिरात. स्कॅन फुकट, निकाल १,३८६ 'धोके', सफाईचे २,४९९. ते धोके म्हणजे कुकीज, टेम्प फाइल्स आणि रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीतल्या, जुन्या नोंदी. कोणाच्याही कॉम्प्युटरवर निघतील.

पैसे भरले, टूलबार तसाच. क्लीनरच्या खिडकीतच मदतीचा नंबर होता. माणूस शांत, अदबशीर, "मॅडम, घाबरू नका" वाला. दुरून माझा कॉम्प्युटर चालवता येईल असं रिमोटचं ॲप घ्यायला लावलं, इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची बारीकसारीक घडामोडींची नोंदवही, उघडून तांबड्या खुणा दाखवल्या. धडधाकट विंडोजमध्येही त्या ढिगाने असतात, पण तेव्हा कोण सांगणार? मग काळी खिडकी उघडून 'ट्री' असं टाइप केलं. फोल्डरांची नावं सरसर धावली, थांबली, आणि खाली इंग्रजीत ओळ आली की नेटवर्कमध्ये हॅकर आहे.

ती ओळ एकेक अक्षराने उमटत होती. 'हॅकर'चं स्पेलिंग चुकलं, कर्सर दोन घरं मागे सरकला, स्पेलिंग दुरुस्त झालं. माझ्या डोळ्यांसमोर! कॉम्प्युटर कधी खाडाखोड करतो का? मी ते पाहिलं, मनात काहीतरी खटकलं, पण तेवढ्यात तो म्हणाला, "मॅडम, नेटबँकिंग याच कॉम्प्युटरवर करता ना?" संपलं. 'लाइफटाइम सिक्युरिटी'चे १०,००० आणि वर १८ टक्के जीएसटी. जीएसटी लावणारा चोर असेल असं कोणाला वाटेल?

कोणी मला बावळट म्हणण्याआधी एक सांगते. २०१९ मध्ये अमेरिकेत ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने दोन कंपन्यांकडून ३.५ कोटी डॉलर वसूल केले. त्यातली एक दुकानांची मोठी साखळी होती. गिऱ्हाइकाने चार प्रश्नांपैकी एकालाही 'हो' म्हटलं, तरी तपासणी व्हायरसची लक्षणं दाखवायची, असा आरोप होता. चकचकीत दुकानात उभे राहून लोक फसले, मी तर फोनवर होते.

आता बँक. "ओटीपी तुम्हीच टाकलात." बरं, मान्य. पण कार्ड ताबडतोब बंद करा असं सांगून तक्रार क्रमांक घेतल्यानंतर क्लीनरच्या 'नूतनीकरणा'चे ४,९९९ गेले, ते कसे? तर म्हणे कार्ड बंद झालं, ऑटो-पेची परवानगी वेगळी असते! मग ती बंद करायची हे सांगायचं कोणी? रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात लिहिलंय की तक्रार नोंदवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. ते छापून समोर ठेवलं, तर वाचायलाही तयार नाहीत. पोलीस म्हणाले, "वस्तू विकत घेतली ना? मग फसवणूक कसली, ग्राहक मंचात जा." मंचात विचारलं, कंपनीचा पत्ता द्या. पत्ता असता तर मीच गेले नसते का! प्रत्येकाकडे फॉर्म आहे, प्रत्येकाचा शिक्का वेगळा, आणि प्रत्येकाच्या मते काम दुसऱ्याचं. शेवटी मेसेज आला, 'तक्रार निकाली.' निकाल काय लागला, ते त्यात नाही.

पैसे गेल्या गेल्या १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, पोलिसांकडे नंतर. रक्कम पुढे सरकायच्या आत अडवली तर अडवली. कार्डाबरोबर ऑटो-पेही रद्द करा, लेखी. बँक ३० दिवसांत दाद देत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. रिमोटचं ॲप चालू असेल तर आधी इंटरनेट तोडा, मग पासवर्ड बदला, आणि तेही दुसऱ्या उपकरणावरून.

तो टूलबार? विंडोजमधल्याच डिफेंडर या अँटिव्हायरसच्या ऑफलाइन स्कॅनने गेला. क्लीनर मात्र त्यालाही पुरून उरला. शेवटी फाइली बाजूला काढून विंडोज नव्याने टाकलं.

आणि परवा फोन आला. तुमचे ११,८०० परत द्यायचे आहेत मॅडम, फक्त एकदा स्क्रीन दाखवा. आकडा रुपयापर्यंत बरोबर. तक्रार करूनही सरकारी खात्यांना जो पाठ झाला नाही, तो यांना तोंडपाठ! मी फोन ठेवला, नंबर ब्लॉक केला. तासाभरात दुसऱ्या नंबरवरून पुन्हा आला.