एक्सपांडरनंतरचं ‘किट’: ब्रा, ड्रेनची पिशवी, उशा. काय घ्यावं, काय सोडावं

स्तन काढल्यावर लगेच टिश्यू एक्सपांडर बसवला असेल, तर घरी येताना छातीत अर्धवट भरलेली सिलिकॉनची पिशवी असते (पुढे ती हळूहळू फुगवून नव्या स्तनासाठी त्वचा ताणतात) आणि कुशीतून बाहेर आलेल्या एक-दोन ड्रेनच्या, म्हणजे जखमेतला स्राव बाहेर काढणाऱ्या, नळ्या. हे सांभाळायला म्हणून ऑनलाइन ‘पोस्ट मास्टेक्टॉमी किट’ विकली जातात: पुढून उघडणारी ब्रा, ड्रेन ठेवायच्या कापडी पिशव्या, काखेत धरायची बदामाच्या आकाराची उशी, क्वचित सीटबेल्टखाली घालायची छोटी गादी. आमचं मत आधीच सांगून टाकतो: अख्खं किट घेऊ नका. ब्रा कामाची असते, पण ती निवडूनच घ्यायला हवी. उशी घरी शिवता येते. आणि पिशवी तर आपल्याकडच्या ड्रेनला बरेचदा बसतच नाही.

पिशवीपासूनच सुरुवात करू. ही किट परदेशी नमुन्यावर बेतलेली असतात. तिकडे जॅक्सन-प्रॅट जातीचा, मुठीत मावणारा साधारण 100 मिलीचा मऊ फुगा लावतात आणि खिसे त्याच मापाचे शिवतात. आपल्याकडे सर्रास लागतो तो रोमोव्हॅक, म्हणजे भात्यासारख्या घड्या असलेला डबा. त्याची क्षमता काहीशे मिली असते आणि वाय आकाराच्या जोडणीने दोन नळ्या एकाच डब्यात सोडता येतात. हा डबा फुग्याच्या खिशात कोंबला की भात्याला उघडायला जागा राहत नाही आणि स्राव खेचणारी ओढ कमी होते. खिसा ढिला असेल तर वजनाने तो लोंबतो आणि नळी त्वचेला ज्या टाक्याने बांधलेली असते त्या टाक्यावर सगळा ताण येतो. म्हणून ऑपरेशनआधी सर्जनच्या टीमला एवढंच विचारा: ड्रेन कोणता, आणि किती?

डबा असेल तर शिंप्याकडून खांद्यावर तिरकी अडकवायची शबनमसारखी पिशवी शिवून घ्या. तळ सपाट, तोंड रुंद, पट्टा बोटभर नव्हे तर चांगला तीन बोटं रुंद. पट्टा ऑपरेशन न झालेल्या खांद्यावरून यावा आणि पिशवी नळी जिथून बाहेर येते त्याच्या खालच्या पातळीला राहावी. दोन्ही बाजूंचं ऑपरेशन असेल तर पट्टा नकोच; कमरेला बांधायची पिशवी बरी. डबा सेफ्टी पिनने गाऊनला टाचणं हा रुग्णालयातला तात्पुरता उपाय आहे. गाऊन बदलताना पिन विसरली की नळीला हिसका बसतो. परकराच्या नाडीला अडकवणं त्यापेक्षा सुरक्षित.

ड्रेन रिकामा करण्याची रीत घरातल्या निदान दोघांनी डिस्चार्जच्या आधी नर्सकडून करून दाखवून घ्यावी. हात साबणाने धुवायचे. नळीवरची क्लॅम्प बंद करायची. डब्याचं बूच काढून स्राव मोजपात्रात ओतायचा. मग डबा पूर्ण चपटा दाबायचा, दाबलेला असतानाच बूच लावायचं आणि शेवटी क्लॅम्प उघडायची. ही शेवटची पायरी सगळ्यात जास्त विसरली जाते. क्लॅम्प बंदच राहिली तर डब्यात काही येत नाही, ‘पाणी कमी झालं’ असं वाटतं आणि छातीत मात्र साचत राहतं. डबा स्राव न येताच भराभर फुगत असेल तर कुठूनतरी हवा शिरते आहे: बूच सैल, जोडणी निसटलेली, नाहीतर नळीचं एखादं भोक त्वचेच्या बाहेर आलेलं. पहिल्या दोन गोष्टी घरी तपासा, तिसरीसाठी फोन करा. नळीत रक्ताच्या गाठी दिसल्या तर त्वचेजवळ एका हाताने नळी घट्ट धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी डब्याच्या दिशेने दाबत न्यायचं. बोटात स्पिरिटचा बोळा धरला की ती नीट सरकतात.

डब्यावरच्या रेघांवरून आकडा लिहू नका, भाता अर्धवट उघडा असताना त्या फसवतात. 100 मिलीचं वेगळं मोजपात्र घ्या, तेच खरं उपयोगाचं आणि किटमध्ये नेमकं तेच नसतं. प्रत्येक नळीला वेगळा डबा असेल तर दोन्हींची नोंद वेगळी ठेवा. 24 तासांची बेरीज सलग दोन दिवस 30 मिलीच्या खाली आली की साधारणपणे ड्रेन काढतात, पण तारीख सर्जनच ठरवतात. लवकर काढला तर आत पाणी साचतं. उगाच लांबवला तर नळीच्या वाटेने जंतू एक्सपांडरपर्यंत पोचण्याची भीती.

आता ब्रा. इथे जाहिरातींचा भर ‘कॉम्प्रेशन’वर असतो आणि आमचा सगळ्यात मोठा आक्षेप त्यालाच आहे. स्तन काढल्यावर उरलेली त्वचा पातळ असते, तिचा रक्तपुरवठा आधीच तुटपुंजा झालेला असतो. पहिल्या काही दिवसांत ती घट्ट दाबली तर कडा जांभळट, मग काळ्या पडू शकतात. काही सर्जन सुरुवातीला ब्रा घालूच देत नाहीत, काही जण एक्सपांडर वर सरकू नये म्हणून वरून पट्टा लावतात. त्यामुळे दाब किती हवा हे उत्पादनाच्या पानावरून ठरवायचं नाही. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. (त्वचेचा विषय निघालाच आहे तर: मिश्री लावणाऱ्या बाईने ‘मी तंबाखू खात नाही’ असं सांगू नये. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरत नाही.)

बंद कशाचा, याला फार महत्त्व. वेल्क्रो लावायला सोपा, पण त्याची खरखरीत कड बधिर त्वचेवर घासली तर बाईला कळतही नाही. फोड दिसतो तेव्हाच समजतं. चेन लावताना खालची टोकं जुळवून दोन्ही हातांनी ओढावं लागतं. हुक कंटाळवाणे खरे, पण दोन-तीन ओळींचे असले की सूज आणि फुगवण्याप्रमाणे सैल-घट्ट करता येतात. आमची पसंती हुकांनाच. आतली शिवण हाताने चाचपून पाहा: एक्सपांडरची खालची कड जिथे टेकते नेमकी तिथेच जाड शिवण असेल तर ती ब्रा बाद. तार तर नकोच. कापड मुख्यतः सुती, थोडं ताणणारं. नायलॉन जास्त असलेल्या ब्रा दिसायला नेटक्या, पण मुंबई-कोकणच्या दमट हवेत घडीखाली घामोळं आणि बुरशी धरतात. घेराचं माप नेहमीपेक्षा एक नंबर मोठं. दोनच घ्या, पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत म्हणून फार तर तीन. पुढे छातीचा आकार बदलत जाणार आणि अंतर्वस्त्रं बहुतेक विक्रेते परत घेत नाहीत. घरातले पुढून हुक असलेले जुने ब्लाउज मात्र या काळात घालू नका, मुंढ्यात ते काचतात.

झोपायची वेज उशी, म्हणजे उतरत्या चढाची उशी, चांगली, पण आखूड घेतली तर पाठ कमरेत मोडते. ती नितंबापासून डोक्यापर्यंत पुरली पाहिजे. 30 ते 45 अंशांचा चढ ठीक. अंग खाली घसरू नये म्हणून गुडघ्याखाली लोड ठेवा. वैद्यकीय सामानाच्या दुकानात भाड्याने मिळणारी बॅकरेस्ट त्याहून स्वस्त पडते आणि कोनही बदलता येतो. उठताना हातांवर जोर द्यायचा नाही, एवढ्यासाठीच हा खटाटोप. काखेतली उशी कोणत्याही मऊ भरावाची चालते. कापसाची मात्र गोळे होऊन कडक बनते. मोकळ्या काखेने हात टेकायला मिळाला, विशेषतः काखेतल्या गाठी काढल्या असतील तर, रात्र बरी जाते.

गरम पाण्याची पिशवी आणि बर्फाची थैली किटमध्ये मिळाली तर सरळ बाजूला ठेवा. बधिर त्वचा भाजली तरी कळत नाही.

एक्सपांडर फुगवणं साधारण दोन-तीन आठवड्यांनी, जखम भरलेली पाहून सुरू होतं. चुंबकाने पोर्टची, म्हणजे एक्सपांडरवरच्या सुई टोचायच्या तोंडाची, जागा शोधतात, बारीक सुईने सलाइन भरतात, बऱ्याचदा एका वेळी 50-60 मिली. त्यानंतर एक-दोन दिवस छाती ताठरते. एक्सपांडर स्नायूखाली असेल तर पाठीत आणि खांद्यात गोळेही येतात. पॅरासिटामॉल पुरतं का, हे भरायच्या आधीच विचारून ठेवा. त्या दिवशी सैल ब्रा आणि पुढून उघडणारा गाऊन, बस्स. चुंबकी पोर्ट असेल तर एमआरआय चालत नाही, म्हणून एक्सपांडरचं कार्ड पर्समध्येच असू द्या. ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला, लाली पसरत चालली, ती बाजू एकाएकी सपाट किंवा टणक झाली किंवा ड्रेनमध्ये अचानक लालभडक रक्त वाढलं, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही.

एकाच बाजूचं ऑपरेशन असेल तर मधल्या काळात दोन्ही बाजूंत फरक दिसतो. त्यासाठी सिलिकॉनचा जड कृत्रिम स्तन विकत घेणं म्हणजे पैसे वाया. तो एका मापाचा असतो आणि एक्सपांडर वाढत असतो. मुंबईची साईशा इंडिया फाउंडेशन ‘निटेड नॉकर्स’ नावाने सुती धाग्याचे विणलेले, हलके कृत्रिम स्तन मोफत देते. त्यातला भराव काढता-घालता येतो, त्यामुळे प्रत्येक वेळी सलाइन भरल्यावर तेवढा भराव कमी करायचा आणि ब्रा तीच ठेवायची. फक्त टाके पूर्ण भरलेत, असं डॉक्टरांनी सांगितल्यावरच.