स्विंगमध्ये मागच्या थ्रेडवरून चित्र बदलायचंय: इन्व्होकलेटर, स्विंगवर्कर की टायमर?

स्विंग ही जावाची खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी. तिच्यात पडद्यावरच्या वस्तूंना हात लावायचा हक्क एकाच थ्रेडला (प्रोग्रॅममधल्या कामाच्या एका धाग्याला) आहे: इव्हेंट डिस्पॅच थ्रेड, म्हणजे आपला ईडीटी. क्लिक, टायपिंग, रंगवणं, सगळं त्याच्या एकाच रांगेतून जातं. दुसऱ्या, म्हणजे पडद्यामागे काम करणाऱ्या 'मागच्या' थ्रेडवरून लेबल बदललंत तर बहुतेक वेळा चालूनही जातं, आणि खरी पंचाईत तीच आहे. आपल्या मशीनवर महिनाभर सुरळीत, नि नेमकी ग्राहकासमोर खिडकी अर्धवट रंगते. रीपेंट, म्हणजे 'पुन्हा रंगव' सांगणारी मेथड, मात्र कुठूनही बोलावता येतं, कारण ते स्वतः रंगवत नाही, फक्त विनंती नोंदवतं.

इन्व्होकलेटर म्हणजे ईडीटीच्या रांगेत चिठ्ठी टाकून आपल्या कामाला लागणं. फाइल उघडली, स्टेटस बदला: एवढ्यासाठी उत्तम. पण सेन्सरकडून सेकंदाला 5,000 आकडे येत असतील आणि प्रत्येकाची चिठ्ठी टाकलीत, तर क्लिकचा नंबर त्या सगळ्यांच्या मागे लागतो. रीपेंटच्या विनंत्या एकत्र होतात, या चिठ्ठ्या होत नाहीत. त्याचा भाऊ इन्व्होकअँडवेट चिठ्ठीचं काम होईपर्यंत थांबून राहतो, म्हणून मी तो टाळतोच. हातात लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारं कुलूप) धरून थांबलात आणि ईडीटीला तोच लॉक हवा असेल, की दोघंही कायमचे अडकले.

मागच्या थ्रेडवर काम करून निकाल ईडीटीला देणारा स्विंगवर्कर जावा 6 पासून सोबतच येतो. ज्या कामाला सुरुवात आणि शेवट आहे, ते त्याचं. मागच्या थ्रेडवरून पब्लिश कितीही वेळा करा, ईडीटीवर चालणाऱ्या प्रोसेसला त्यांची गठ्ठ्याने यादी मिळते. लॉगच्या ओळी दाखवताना मला हाच बरा वाटतो, एकही ओळ गळत नाही. खोड एक आहे: काम संपल्यावर चालणाऱ्या डनमध्ये निकाल मागणारं गेट बोलावलं नाही, तर मागच्या कामातला एक्सेप्शन (चुकीची सूचना) गुपचूप गडप होतो. एकदा वापरलेला वर्कर पुन्हा चालतही नाही.

सतत हलणाऱ्या आलेखाला मात्र स्विंगचा टायमर. मागचा थ्रेड पडद्याकडे बघतच नाही. ताजी स्थिती एका नव्या, पुन्हा न बदलणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये भरतो आणि ॲटॉमिकरेफरन्समध्ये (थ्रेडांमधल्या सुरक्षित देवाणघेवाणीच्या कप्प्यात) ठेवून देतो. टायमर दर 33 मिलिसेकंदांनी ती उचलून रीपेंट सांगतो. आकडे 5,000 येवोत की 50,000, पडदा सेकंदाला तिसेक वेळाच रंगतो. ईडीटी मागे पडला तरी आधीची टिकटिक रांगेत असताना टायमर नवी टाकत नाही. मधले आकडे दिसत नाहीत, हे खरं. पण डोळ्यांना ते दिसलेही नसते. इथे दोन चुका हमखास होतात. एक, जुनीच यादी जागच्या जागी बदलत राहणं. मग रंगवताना ती अर्धीमुर्धी सापडते. दुसरी, आयडीईने (कोड लिहायच्या साधनाने) सुचवला म्हणून युटिल पॅकेजमधला टायमर घेणं. नाव तेच, पण तो स्वतःच्या थ्रेडवर चालतो, ईडीटीवर नाही!

खिडकी बंद होताना टायमर थांबवा. आणि कुठलाही मार्ग घ्या, पडदा बदलणाऱ्या प्रत्येक मेथडच्या पहिल्या ओळीत 'आपण ईडीटीवर आहोत ना' असा असर्ट (खोटं निघाल्यास चूक दाखवणारी तपासणी) टाका, आणि चाचणीच्या वेळी असर्ट चालू ठेवायला विसरू नका. जावात ते एरवी बंदच असतात.