सबवूफरचा क्रॉसओव्हर: ६०, ८० की १२०?

होम थिएटरचे सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या एव्ही रिसीव्हरच्या मेनूत प्रत्येक स्पीकरपुढे हर्ट्झमधला एक आकडा असतो: ४०, ६०, ८०, १०० आणि पुढे. हाच क्रॉसओव्हर. त्या आकड्याखालचा बेस स्पीकरकडून काढून घेऊन सबवूफरकडे, म्हणजे फक्त बेस वाजवणाऱ्या स्पीकरकडे, पाठवला जातो. माझं मत आधीच सांगतो. शंका असेल तर ८० ठेवा, आणि तिथून हलायचंच असेल तर बहुतेक घरांत खाली जाण्यापेक्षा वर जाणं फायद्याचं ठरतं.

८० हा आकडा सिनेमाच्या आवाजाचे निकष ठरवणाऱ्या टीएचएक्सने प्रमाण मानलेला आहे. ८० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे ४.३ मीटर, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच हॉलच्या रुंदीपेक्षा जास्त. इतका खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला नीट कळत नाही, त्यामुळे सबवूफर सोफ्याशेजारी असला तरी बेस पडद्यावरूनच आल्यासारखा वाटतो. पाच-साडेसहा इंची वूफरचे (बेस काढणाऱ्या पडद्याचे) बुकशेल्फ स्पीकर असतील तर इथेच थांबायला हरकत नाही.

४० किंवा ६० चा मोह होतो तो जमिनीवर उभे राहणारे उंच टॉवर स्पीकर घेतलेल्यांना. एवढे पैसे मोजले, मग बेस सबवूफरला का द्यायचा? भावना समजते, पण हिशेब वेगळा आहे. तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली, म्हणजे ८० ऐवजी ४० हर्ट्झला काढायचा तर वूफरच्या पडद्याला चौपट हालचाल करावी लागते. तोच पडदा त्याच वेळी वरचे सूरही वाजवत असतो, आणि स्फोटाच्या दृश्यात ते सूर गढूळ होतात. शिवाय रिसीव्हरच्या अॅम्प्लिफायरवर भार पडतो तो निराळाच. सबवूफरला स्वतःचा अॅम्प्लिफायर असतो, हे काम त्याचंच आहे. खोक्यावर ‘४५ हर्ट्झपासून’ छापलंय म्हणून क्रॉसओव्हर ४५ ला ठेवू नये. त्या आकड्यापाशी स्पीकरचा आवाज आधीच पडलेला असतो, म्हणून मी क्रॉसओव्हर त्याच्या दीडपट ते दुप्पट धरतो. वूफर खरोखर मोठे असतील आणि तुम्ही सिनेमापेक्षा संगीत जास्त ऐकत असाल, तर ६० जरूर करून पाहा. ४० ची शिफारस मी करणार नाही.

१०० ते १२० हा टप्पा छोट्या स्पीकरांसाठी. तीन-चार इंची वूफरच्या छोट्या स्पीकरला, म्हणजे सॅटेलाइटला, ८० पर्यंत उतरायला लावलं तर मध्ये खड्डा पडतो: सॅटेलाइट थकलेला, सबवूफर अजून सुरू झालेला नाही. ढोलकीचा ठोका तिथेच हरवतो. पण १२० ची किंमतही आहे. क्रॉसओव्हर भिंतीसारखा उभा नसतो, उताराचा असतो. सबवूफरकडचा उतार बहुधा सप्तकाला २४ डेसिबल. म्हणजे १२० ठेवलं तर तो २४ डेसिबलने खाली येईपर्यंत २४० हर्ट्झ उजाडतात. पुरुषी आवाजाचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो, आणि सबवूफर मागच्या कोपऱ्यात असेल तर नायकाच्या भारदस्त आवाजाचा तळ त्या कोपऱ्यातून येतो. त्यामुळे १०० च्या वर जायचं असेल तर सबवूफर पुढे, संवाद वाजवणाऱ्या मधल्या सेंटर स्पीकरच्या जवळ हवा. ते शक्य नसेल तर किमान सेंटरसाठी जरा मोठा स्पीकर घ्या. सगळ्यांना एकच आकडा द्यायची सक्ती नाही. सेंटर ८० आणि मागचे छोटे स्पीकर १२० असं बऱ्याच रिसीव्हरांत चालतं.

रिसीव्हरने ऑडिसीसारख्या (मायक्रोफोनने खोलीतला आवाज मोजून तो दुरुस्त करणाऱ्या) प्रणालीने मोजमाप करून आकडा स्वतः ठरवला असेल तर तो वर न्यायला मोकळीक आहे: ४० आला तर ८० करा. खाली मात्र आणू नका. स्पीकर जिथे दमतो त्याच्या खाली ऑडिसी दुरुस्ती करत नाही, त्यामुळे तो पट्टा तसाच उघडा राहतो.

आता दोन गल्लती. मेनूतला ‘एलएफई’चा लो-पास (ठरावीक आकड्यावरचा आवाज कापणारी चाळणी) हा वेगळा मामला आहे. सिनेमातल्या त्या स्वतंत्र बेस चॅनलची मर्यादा १२० हर्ट्झ, म्हणून तो १२० लाच ठेवा, स्पीकरचा क्रॉसओव्हर काहीही असो. आणि सबवूफरच्या पाठीवरचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर फिरवा किंवा एलएफई इनपुट वापरा, नाहीतर एकाच आवाजाला दोनदा कात्री लागते.

आकडा बदलला की फेज, म्हणजे सबवूफर आणि स्पीकर यांच्या लहरींचा मेळ, पुन्हा तपासा. ८० हर्ट्झची अर्धी लहर सुमारे २.१५ मीटर. सबवूफर आणि स्पीकर यांच्या तुमच्यापर्यंतच्या अंतरात तेवढा फरक असेल आणि रिसीव्हरमध्ये अंतर नीट भरलेलं नसेल, तर दोघं एकमेकांना खोडतात. तुम्ही निवडलेल्या आकड्याचाच टेस्ट टोन लावा, नेहमीच्या जागी बसा आणि घरातल्या कुणाला तरी सबवूफरवरचं फेजचं बटण ० आणि १८० मध्ये फिरवायला सांगा. ज्यात बेस भरदार वाटेल ती फेज ठेवा.